मिसिंग करणारी चार स्ट्रोक ट्रेल गाडी : दुरुस्तीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, फैजपूर

गाडी दीडशे सीसीची, चार स्ट्रोकची, हवेने थंड होणारी आणि दोन व्हॉल्व्हची असून तिला व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, आहे. भाच्याने ती सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटांवर आणि केळीच्या मळ्यांमधल्या गाडरस्त्यांवर भरपूर चालवली आहे. "मामा, गाडी मिसिंग करते," एवढीच त्याची तक्रार होती. तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नसल्यामुळे आज हातात पाना न घेता फक्त निरीक्षण करायचे, असे ठरवले.

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या आणि समोरच्या स्विचच्या घरावर एक स्थिर रेघ ओढली. कार्ब्युरेटरमध्ये पाव मुठीपर्यंत पायलट जेटचे (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) राज्य असते, तिथून पाऊण मुठीपर्यंत सुईचे आणि त्यापुढे मेन जेटचे. म्हणून दोष मुठीच्या कोणत्या खुणेवर दिसतो, हे कळले की शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी होते. गाडी किती वेगाने चालली होती, याचा या कामी काही उपयोग नाही.

दिसले ते असे. सकाळच्या गारठ्यात चोक ओढूनही इंजिन उशिरा लागते. लागल्यावर आयडलिंग, म्हणजे मूठ सोडलेली असतानाचा इंजिनाचा वेग, एकदा चढते, एकदा उतरते आणि काही वेळाने इंजिन बंद पडते. मूठ झटकन उघडली की क्षणभर दम कोंडल्यासारखे होऊन मग इंजिन उचलते. उतारावर मूठ सोडली की सायलेन्सर फटाके मारतो. पाऊण मुठीच्या पुढे मात्र गाडी जवळजवळ निर्दोष चालते. इंजिन तापल्यावर यातली काही लक्षणे कमी होतात, पण आयडलिंग जास्त बिघडते, आणि ही विसंगती मला महत्त्वाची वाटते. मिश्रण लीन असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिन तापल्यावर त्रास साधारणपणे कमी व्हायला हवा. इथे तो काही बाबतीत कमी आणि काही बाबतीत जास्त होत असल्यामुळे दोष एकच आहे, असे मी गृहीत धरणार नाही.

क्रम ठरवला आहे : आधी ठिणगी, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट), त्यानंतर हवेची गळती आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम लिहून ठेवायचा. गॅरेजमध्ये गाडी गेली की बहुतेक वेळा पहिला हात हवा-पेट्रोलचे प्रमाण लावणाऱ्या मिक्श्चर स्क्रूला लागतो आणि मूळ दोष त्या फिरवाफिरवीखाली दडपला जातो.

११ जानेवारी

ठिणगीचे काम लवकर उरकले. प्लग सीपीआर ८ ईए-९ या क्रमांकाचा आहे. शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिमी गॅप, आणि फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांच्या मापाने, गॅप तेवढाच भरला. प्लगमधला रेझिस्टर मल्टिमीटरवर पाच हजार ओहमच्या आसपास दिसला, म्हणजे तो ठीक आहे. प्लगची बॉडी हेडला टेकवून किक मारली तेव्हा ठिणगी निळसर आणि ठसठशीत पडली. तापल्यावर दगा देणाऱ्या कॉइल असतात, म्हणून गाडी खिरोद्यापर्यंत नेऊन आणून लगेच तीच तपासणी पुन्हा केली. ठिणगीत फरक पडला नाही. टायमिंग लाइटखाली फ्लायव्हीलवरची खूण आयडलिंगला जागेवर स्थिर दिसत होती.

प्लगच्या टोकाचा पांढराशुभ्र रंग मात्र नोंदवून ठेवण्यासारखा आहे. शिसेविरहित पेट्रोलमुळे प्लगचा रंग पूर्वीइतका विश्वासार्ह राहिलेला नाही, तरीही इतका पांढरेपणा लीन मिश्रणाकडेच बोट दाखवतो.

१२ जानेवारी

कॉम्प्रेशन मोजताना मूठ पूर्ण उघडी ठेवावी लागते, नाहीतर सिलिंडरमध्ये हवाच पुरेशी जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. तशी काळजी घेऊन मोजले तेव्हा काटा दर चौरस सेंटिमीटरला ८.५ किलोवर थांबला. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा किक मारल्या. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच चढला असता. तो नाममात्र चढला, त्यामुळे संशय रिंगांवरून व्हॉल्व्हवर आला.

टॅपेट कव्हर रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच उघडले. फ्लायव्हीलवरची टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खिडकीतल्या खाचेसमोर आणली आणि दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे हात, बोटांनी हलवून पाहिले. ही खूण क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येते, पण कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी आली असेल तेव्हाच दोन्ही रॉकर मोकळे असतात. दुसऱ्या वेळी, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, व्हॉल्व्ह किंचित उघडे असल्यामुळे तिथे घेतलेले माप निरुपयोगी ठरते. इनटेकचा रॉकर हलका खुळखुळला, एक्झॉस्टचा हललाच नाही. पुस्तिकेप्रमाणे इनटेकला ०.०८ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१२ मिमी फट हवी. इनटेकमध्ये ०.०६ चे पान गेले, पण एक्झॉस्टमध्ये माझ्याकडचे सर्वांत पातळ ०.०३ चे पानही शिरेना.

"टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट बरोबर आहेत," असे भाच्याला एका गॅरेजमध्ये सांगितले गेले होते. सैल टॅपेट टकटक करतो हे खरेच आहे, पण आवळलेला टॅपेट पूर्ण गप्प असतो आणि नुकसान तोच जास्त करतो. इंजिन तापले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते. उरलीसुरली फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कडीवर, पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटते. व्हॉल्व्हच्या डोक्याची बहुतेक उष्णता सीटमार्गेच हेडमध्ये जात असते. तो टेकलाच नाही तर ती वाट बंद होते आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. तापल्यावर आयडलिंग का बिघडते, याचे उत्तर इथे मिळाले.

दोन्ही फटी पुस्तिकेप्रमाणे लावल्या. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि लावलेली फट बदलते, म्हणून नट आवळल्यानंतर पान पुन्हा घालून पाहिले. पान ओढताना किंचित अडखळले पाहिजे, अडकता कामा नये. त्यानंतर कॉम्प्रेशन १०.५ किलो आले. गाडी सकाळी लवकर लागू लागली, पण आयडलिंगची चढउतार आणि मूठ उघडतानाचा कोंडलेपणा तसाच राहिला.

१८ जानेवारी

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले आणि नव्याची तपासणी केली. काचेच्या मोजनळीत १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घेऊन बूच लावले, हलवले आणि उभे ठेवले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. थोड्या वेळाने तो ३९ च्या जवळ दिसला, म्हणजे इथेनॉल २० टक्क्यांच्या आसपास आहे. पंपावर सांगतात तेच इथे दिसले, आणि त्याचा हिशेब जेटिंगच्या, म्हणजे जेटचे माप ठरवण्याच्या, वेळी करावा लागेल.

कार्ब्युरेटर उघडला. पायलट जेटचे भोक उजेडाकडे धरल्यावर स्वच्छ गोल दिसायला हवे होते, पण त्याच्या कडेला पिवळट डिंकाचा थर होता. जेटमध्ये तार घातली नाही, कारण पितळ मऊ असते आणि तारेच्या ओरखड्याने भोकाचे माप बदलते. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेने झोडले. फ्लोटची उंची बरोबर होती. स्लाइडचा रबरी पडदा उजेडात ताणून पाहिला, त्याला छिद्र नव्हते.

गाडी जोडून मिक्श्चर स्क्रू दीड फेऱ्यापासून तीन फेऱ्यांपर्यंत हळूहळू उघडत नेला. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असल्यामुळे तो उघडला की पेट्रोल वाढते. एअर फिल्टरच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये याच्या उलट घडते. निरोगी इंजिनात या प्रवासात एक जागा अशी येते, जिथे आयडलिंग सर्वांत वर जाते आणि दोन्ही बाजूंना ढासळते. इथे तशी जागा सापडलीच नाही. पेट्रोल वाढवूनही मिश्रण सुधारत नसेल, तर कार्ब्युरेटरच्या पुढे कुठून तरी मोजमापाबाहेरची हवा आत शिरते आहे.

१९ जानेवारी

गळती शोधण्यासाठी अनेकजण तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. मी ते करत नाही, कारण एक्झॉस्टचा पाइप तिथून हातभर अंतरावर असतो. साध्या फवारणीच्या बाटलीतून पाण्याची बारीक धार कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी जोडावर सोडली. वरून आणि दोन्ही बाजूंनी काहीच फरक पडला नाही. बाटली खाली धरून तळाकडून धार मारली तेव्हा आयडलिंग एकदम खाली बसले आणि पाणी ओढले गेल्यावर पुन्हा वर आले. फट पाण्याने क्षणभर बुजली होती.

जोड काढून हातात घेतला. वरून रबर चांगले काळे दिसत होते, पण दोन अंगठ्यांनी वाकवल्यावर खालच्या बाजूला क्लॅम्पच्या कडेलगत बोटाच्या पेराएवढी भेग उघडली आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसला. सोडून दिला की रबर पुन्हा मिटत होते, त्यामुळे गाडीवर असताना ही भेग नुसत्या नजरेला दिसणे शक्य नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इंजिनाची धग आणि क्लॅम्पचा ताण यांच्या जोडीला ती उष्णता वर्षानुवर्षे सोसलेले रबर कडक होणारच.

सिलिकॉन लावून काम भागवण्याचा सल्ला मिळाला, तो मी मानला नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते आणि त्याचे तुकडे थेट इनटेकमध्ये जातात. नवा जोड आणि त्यामागची ओ-रिंग जळगावहून मागवली आहे.

१ फेब्रुवारी

नवा जोड बसवला आणि आयडलिंग लगेच स्थिर झाले. मिक्श्चर स्क्रू आता प्रतिसाद देतो आणि सव्वादोन फेऱ्यांवर आयडलिंगची सर्वांत उंच जागा मिळते. एक्झॉस्ट पाइप हेडला मिळतो तिथली रिंगही बदलली, कारण त्या फटीतून बाहेरची हवा ओढली गेली तरी मूठ सोडल्यावर फटाके होतात. फटाके जवळजवळ थांबले.

भाच्याच्या दृष्टीने काम संपले होते. मी गाडी आणखी आठवडाभर त्याच्याकडे चालवायला दिली, ती फक्त टॅपेट पुन्हा मोजण्यासाठी.

९ फेब्रुवारी

एक्झॉस्टची फट ०.१२ वरून ०.०७ वर आली आहे. थोड्याशा वापरात एवढी फट घटते, याचा अर्थ व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो आहे. फट पुन्हा लावून गाडी परत देणे सोपे होते, पण त्याने दोष तसाच राहिला असता.

जुन्या प्लगच्या बॉडीला हवेची नळी जोडून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला धरला आणि सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडली. ही चाचणी करताना गाडी गिअरमध्ये ठेवून मागचा ब्रेक कोणीतरी दाबून धरावा लागतो, नाहीतर हवा पिस्टनला खाली ढकलते आणि क्रँक फिरतो. मग फक्त कान लावायचा. ऑइलच्या भोकातून सूं आवाज आला तर रिंगा, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइलच्या भोकाशी किरकोळ आवाज होता, कार्ब्युरेटर शांत होता आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या तळहाताला हवा स्पष्ट जाणवत होती. हेड उतरवले.

१५ फेब्रुवारी, भुसावळ

लेथवर काम करणाऱ्या नानांकडे हेड नेले. त्यांनी बोलण्याआधी इनटेक पोर्टमध्ये करंगळी घातली आणि ती माझ्यासमोर धरली. बोटावर ऑइलात कालवलेली राखाडी माती होती. अंगठ्याने चोळली तर ती रवाळ लागत होती. "भाऊ, व्हॉल्व्ह मी बसवून देतो," नाना म्हणाले, "पण धूळ कुठून येते ते आधी बघा. नाहीतर तुम्ही पुन्हा माझ्याकडेच याल."

एक्झॉस्ट व्हॉल्व्हला निळा रंग लावून सीटवर दाबला तेव्हा रंगाची गोल रेघ एका बाजूला तुटलेली होती आणि सीटची पट्टी हवी त्याच्या दुपटीने रुंद झाली होती. सीट रुंद झाली की दाब विखुरतो आणि कार्बनचा कण चिरडला जात नाही, तो मध्येच अडकून राहतो. नानांनी तीन कोनांच्या कटरने सीट पुन्हा कापली, नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेऊन तो बारीक पेस्टने सीटवर घासून लॅप केला आणि दांडीचे सील बदलले. इनटेकला नुसते लॅपिंग पुरले. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल भरून हेड बराच वेळ उपडे ठेवले, थेंबही पाझरला नाही.

१६ फेब्रुवारी

धुळीची वाट शोधली. फिल्टरचा फोम फाटलेला नव्हता, पण तो पेट्रोलमध्ये धुतल्यामुळे त्याच्या दोन थरांमधला गोंद सुटला होता आणि तो ऑइलविना कोरडाच बसवलेला होता. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही, ऑइलाची चिकट ओलच ती धरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या झाकणाखालची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दबून सपाट झाली होती आणि त्याच कोपऱ्यातून आत मातीची पंख्याच्या आकाराची रेघ गेली होती.

आमच्या काळ्या जमिनीचा फुफाटा कापसाच्या वेचणीनंतर आणि केळीच्या वाहतुकीने इतका मऊ होतो की तो अंगावर उडाला तरी जाणवत नाही. तोच फुफाटा व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये सापडला की प्रत्येक ठोक्याला घासकाम करतो. नवा फोम आणला. तो रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायचा, फोमचे ऑइल चोपडायचे आणि न पिरगळता दाबायचे, हे भाच्याकडून माझ्यासमोर करून घेतले. झाकणाखाली नवी पट्टी लावून तिच्या कडेला ग्रीसचा पातळ थर दिला. फेरीनंतर त्या ग्रीसच्या आतल्या बाजूला माती दिसली, तर गळती आहे हे लगेच कळेल.

२३ फेब्रुवारी

हेड बसवले. नट कर्णाकर्णाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्याने आवळले. कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या कडेशी जुळवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खूण पुन्हा तपासली. कॉम्प्रेशन १२ किलो आले.

१६ मार्च, तोरणमाळ

आता उरले होते ते जेटिंग. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पुरते जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग, त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ भाग पुरते. सेन्सरच्या गाड्या हा फरक स्वतः भरून काढतात. ठरावीक भोकाचा कार्ब्युरेटर ते करू शकत नाही, म्हणून जेट तेच ठेवले तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत इंजिन सुमारे आठ टक्के लीन चालते. दुसरीकडे उष्णता आणि उंची उलट दिशेने ओढतात. दहा अंशांवरून ४४ अंशांवर गेल्यावर हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी घटते आणि कार्ब्युरेटरमधले मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. जानेवारीच्या पहाटे जो जेट कमी वाटतो, तोच मे महिन्यात दुपारी पुरेसा वाटतो, याचे कारण हे आहे.

मूळ मेन जेट ११० चा आहे, म्हणजे भोक १.१० मिमीचे. सोबत ११२ आणि ११५ घेऊन चोपडा, शिरपूर, शहादा या मार्गाने निघालो. शहाद्याच्या पुढच्या सपाटीवर ११५ वर गाडी जोमाने ओढत होती. सातपायरी घाट चढून साडेअकराशे मीटरच्या आसपास पोहोचल्यावर तीच गाडी पूर्ण मुठीवर जडावली आणि प्लग काजळला. यशवंत तलावाजवळ इंजिन थंड होऊ देऊन ११२ लावला. वर आणि खाली उतरल्यावरही मूठ पूर्ण उघडून इंजिन त्याच क्षणी बंद करून प्लग पाहिला, रंग फिकट तपकिरी होता. भोकाचे क्षेत्रफळ ११० पेक्षा साडेतीन टक्क्यांहून थोडे जास्त झाले आणि या गाडीला तेवढे पुरते. पाव मुठीजवळचा उरलेला कोंडलेपणा सुईखाली अर्ध्या मिमीचा वायसर घातल्यावर गेला.

१८ मे, फैजपूर

दुपारच्या उन्हात पालच्या घाटातून येऊन गाडी थांबवली, दहा मिनिटांनी किक मारली तर ती लागेना. मूठ पूर्ण उघडी धरून किक मारल्यावर लागली. इंजिनाची धग वर चढून फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळते आणि त्याची वाफ इनटेक भरून टाकते. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोल अधिक सहज उडते, त्यामुळे हा प्रकार वाढतो. हे जेटने सुटण्यासारखे नाही. सिलिंडर आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा, दोन्हींपासून बोटभर अंतर सोडून, बसवला. त्याच उन्हात पुन्हा तोच रस्ता केला, गाडी दुसऱ्या किकेला लागली.

आजची मापे : इनटेक ०.०८, एक्झॉस्ट ०.१२ चे पान अडखळत जाते आणि ०.१३ चे जात नाही. हेड बसवल्यापासून फट हललेली नाही. फिल्टरच्या झाकणाखालच्या ग्रीसवर माती फक्त बाहेरच्या कडेला आहे. पुढची मोजणी जूनमध्ये, पेरण्या सुरू होण्याआधी करायची आहे. फिलर गेज भाच्याकडे दिला आहे.